‘कळवतो’ म्हटल्यानंतरचे दिवस

आम्ही चौघे एकाच वस्तीतले. एक जण पार्सले पोचवतो, एक औषधाच्या दुकानात आहे, दोघी शिकवण्या घेतात. १४ एप्रिलला विहारासमोरच्या मंचावर नाटुकली करता करता अभिनयाचा नाद लागला, आणि एकांकिका स्पर्धांनी तो पक्का केला. आता आम्ही दूरदर्शन मालिकांसाठी ऑडिशन देतो. घरचे विचारतात, “अजून किती दिवस?” हा प्रश्न केवळ आमच्याच घरचा नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

मालिकांच्या निवडीचा हंगाम दिनदर्शिकेत छापलेला नसतो. एखादी मालिका बंद व्हायचे ठरले की तिच्या जागी येणाऱ्या मालिकेसाठी माणसांचा शोध सुरू होतो. मोबाईलवर निरोप फिरतात, अंधेरीच्या आरामनगरात गर्दी होते. नाव, वय, उंची सांगायची, चेहऱ्याची डावी-उजवी बाजू दाखवायची, पानभर संवाद म्हणायचे. की लगेच “कळवतो” ऐकून बाहेर.

पहिले वर्ष आम्ही त्या ‘कळवतो’वर विसंबून घालवले. फोन उशाशी घेऊन झोपायचो. जादा पाळी घेतली नाही, गावाकडच्या लग्नाला गेलो नाही. का, तर नेमके त्याच दिवशी बोलावणे आले तर? बोलावणे आले नाही. उलट त्या उतावळेपणात आमच्यातला एक फसला. एका कार्यालयाने ‘कलाकार कार्ड आणि फोटो’ या नावाखाली १५,००० रुपये घेतले. आईने ते बचत गटातून कर्जाऊ काढले होते. महिन्याने गेलो तर दाराला कुलूप. आठ दिवस त्याने घरी तोंड उघडले नाही. शेवटी सांगितले, तेव्हा आई एवढेच म्हणाली, “पैशाचं बघू रे. पण आठ दिवस एकटाच का कुढत बसलास?”

त्या रात्री आम्ही विहाराच्या पायरीवर बसून होतो. आपण बौद्ध माणसे. नवस बोलायचा नाही, नशिबाला बोल लावायचा नाही. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, हे लहानपणापासून ऐकलेले. मग आपल्या अपयशाची कारणे आपण कधी शोधली? दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली. तारीख, भूमिका, मागितलेले वय, आपण काय केले, काय झाले, सारे लिहू लागलो.

सहा महिन्यांनी वही बोलू लागली. बरेचसे नकार वयाचे, उंचीचे, नायिकेच्या भावासारखा चेहरा नसल्याचे. त्यात अभिनयाचा दोष नव्हता, त्याचे दुःख करण्यात अर्थ नव्हता. पण काही कारणे आमचीच होती. निरोपाला दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. मोबाईलवर चित्रीकरण करून पाठवले, त्यात शेजारच्या मिक्सरचा आवाज. संवाद अर्धवट पाठ. यावर मात्र इलाज होता.

आता निरोप आला की तासाभरात उत्तर जाते. मुलांचा अभ्यासवर्ग सुटल्यावर विहारामागच्या खोलीत चित्रीकरण करतो. कोरी भिंत, उजेड समोरून, फोन आडवा, आणि समोरच्या पात्राचे संवाद म्हणायला एक जण फोनशेजारी उभा. काम असो नसो, रोज अर्धा तास मोठ्याने वाचन. “भाषा शुद्ध करा,” असे एकदा ऐकावे लागले होते. मनाला लागले. प्रमाण भाषा शिकलो, पण आजीची भाषा टाकली नाही. नटाला दोन्ही लागतात.

आमच्या वाट्याला बहुधा नोकर, दारुडा, गुंड अशाच भूमिका येतात. अशा वेळी ‘कोर्ट’ (२०१४) चित्रपट आठवतो. त्यात लोकशाहीर साकारणारे वीरा साथीदार हे चळवळीतले कार्यकर्ते होते. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तर कॅमेऱ्याविना बाबासाहेबांचा विचार लोकांपर्यंत नेला. म्हणून मालिका मिळो न मिळो, वस्तीतले नाटक आम्ही थांबवत नाही.

नव्या मुलामुलींना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मध्यस्थाचे कमिशन असलेच तर ते मिळालेल्या मानधनातून, आधी एक रुपयाही नाही. ऑडिशनसाठी कोणी हॉटेलात किंवा घरी बोलावले तर जाऊ नये, आणि कुठेही जाताना सोबत कोणी तरी असावे. दुसरे, हातची नोकरी सोडू नये. मालिकेचे मानधन बहुधा तीन महिन्यांनी हाती येते, घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते.

गेल्या वर्षी आमच्या त्याच फसलेल्या मित्राला वॉर्डबॉयची भूमिका मिळाली. दोन दिवसांचे काम, पाच वाक्ये. पैसे तीन महिन्यांनी आले, त्यातून त्याने आईचे बचत गटाचे शेवटचे दोन हप्ते फेडले. मालिकेत तो जेमतेम मिनिटभर दिसला. ते पाहायला आईने शेजारणींना घरी बोलावले होते.

आईवडिलांना एकच विनंती. मूल ऑडिशनहून आले की “झालं का काम?” असे दारातच विचारू नका. आधी पाणी द्या, मग विचारा, “आज काय शिकलास?” म्हणजे फसले तरी ते आठ दिवस गप्प राहणार नाही.

जय भीम!