तीन की आठ?

कोणत्या वयात माणसापुढे कोणती परीक्षा उभी राहील, सांगता येत नाही. बी.कॉम.ची परीक्षा मी दुसऱ्या दमात पास झालो. बँकेतली बढतीची परीक्षा अजून मला पास करून घ्यायला तयार नाही. पण गेल्या महिन्यात मला चक्क परीक्षक म्हणून नेमण्यात आलं. परीक्षकाची खुर्ची म्हणजे सातारा रस्त्यावरच्या एका गाळ्यातला उपडा घातलेला ऑईलचा डबा, आणि परीक्षार्थी म्हणजे एक सेकंडहँड मोटारसायकल.

त्याचं असं झालं. ताईचा फोन आला. "बंड्याला राजदूत घ्यायचीय म्हणे. नोकरी सोडून दूध घालणार आहे का घरोघरी?"

ताईचं काही चुकलं नव्हतं. राजदूत म्हटली की आमच्या पिढीला दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून येणारा गवळीच आठवतो. पण ती पावणेदोनशे सी.सी.ची. बंड्याच्या डोक्यात होती ती राजदूत ३५०. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८३ साली ही काढली आणि १९९०च्या आसपास बंदही केली. मूळची जपानी आर.डी. ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, ३४७ सी.सी. पेट्रोल अशी प्यायची की मालक पंपावर आणि मालकाचा बाप कपाळाला हात लावून. आर.डी. म्हणजे 'रॅपिड डेथ' असं पोरं म्हणायची, आणि ते ऐकून घाबरण्याऐवजी आणखी चार पोरं गाडीच्या मागे लागायची.

"तू जा, नीट बघ आणि नाही म्हण," ताई म्हणाली. निकाल आधी लावून मग परीक्षक नेमण्याची पद्धत आमच्या घरात जुनी आहे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. भाऊजी गेले तेव्हाच्या पैशांतून ताईने दीड लाखाची एक मुदत ठेव बंड्याच्या नावे केली होती. तिची पावती दर खेपेला मीच रिन्यू करत आलोय. त्या पावतीवर ताईचा हात थरथरत केलेला अंगठ्याएवढा शाईचा डाग आहे, तो मला पाठ आहे. बंड्या ती ठेव मोडणार होता आणि वरची भर पगारातून घालणार होता.

आता माझंही एक गुपित सांगून टाकतो. मी दुसरी-तिसरीत असताना आमच्या वाड्यासमोर राहणाऱ्या एका दादाकडे ही गाडी होती. तो किक मारायचा तेव्हा आजीचा जप चुकायचा. निळा धूर बोळात अर्धा तास रेंगाळायचा आणि मी त्यात उभा राहून छातीभर श्वास घ्यायचो. म्हणजे परीक्षक आधीच फितूर होता.

गाळ्यावर पोचलो तर मालकाने पोहे मागवलेले. स्थळ बघायला आल्यासारखे मी आणि बंड्या बसलो, आणि गाडीवरची चादर दूर झाली. लाल टाकी, सोनेरी पट्टे, आरशासारखी चकाकी.

"एकदम ओरिजनल, साहेब," मालक म्हणाले. "ए टू झेड."

मी या भेटीसाठी आठ दिवस अभ्यास केला होता. आपल्याकडे विकलेल्या राजदूत ३५०ला पुढेमागे ड्रम ब्रेक होते. जपानी गाडीला पुढे डिस्क होती, पण इथे ती दिली नाही. या गाडीला पुढे ही थोरली डिस्क.

"ही डिस्क?"

"ओरिजनल डिस्क आहे."

"कुठल्या गाडीची ओरिजनल?"

मालकांनी पोह्यांत लिंबू पिळलं.

मग मला चेवच चढला. कंपनीने तारांची चाकं दिली होती, इथे मिश्रधातूची. मूळ हँडल रुंद आणि उंच. इथे शर्यतीच्या गाडीसारखे दोन आखूड दांडे, चालवणाऱ्याला चोवीस तास साष्टांग नमस्कारात ठेवणारे. सायलेन्सरच्या जागी अजगराने बोकड गिळल्यासारख्या मधेच फुगलेल्या दोन नळ्या. त्यांना एक्स्पान्शन चेंबर म्हणतात, हेही मी पाठ करून आलो होतो. एअर फिल्टरचा डबा गायब, त्या ठिकाणी दोन कापडी चेंडू. मूळ प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं. (हे मात्र शहाणपणाचं काम, मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.) थोडक्यात, जे जे चमकत होतं ते ते मागाहून आलेलं होतं. कंपनीचं म्हणावं असं जे उरलं होतं त्याला कुणी फडकंसुद्धा लावलं नव्हतं.

"आणि ही एच.टी. आहे, साहेब!" मालकांनी हुकमाचं पान टाकलं.

एच.टी. म्हणजे हाय टॉर्क, साडेतीस हॉर्सपॉवरची. पुढे पेट्रोलची बोंब झाली म्हणून ताकद कमी करून सत्तावीसची काढली, ती एल.टी. दोघींतला फरक सिलिंडरच्या पोर्टात आणि सायलेन्सरमध्ये. सायलेन्सर तर इथे नव्हतेच, आणि पोर्ट बघायचे तर इंजिन उघडायला हवं. पण आम्ही कारकून लोक, इंजिनाआधी कागद उघडतो. आर.सी. बुकात उत्पादनाचं साल १९८८. एच.टी. पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपली.

"स्टिकर एच.टी.चा, गाडी एल.टी.ची," मी म्हणालो. बंड्याने माझ्याकडे असं पाहिलं की इतकी वर्षं ज्याला आपण मामा म्हणतो तो खरोखरच कामाचा माणूस आहे.

मालक काही बोलले नाहीत. उठले आणि किक मारली.

तो आवाज! पोह्यांची बशी थरथरली, बोळ परत आला, आजीचा जप चुकला. मी मनाशी हिशेब मांडू लागलो : भाव पाव हिश्शाने पाडायचा, ड्रम ब्रेक जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी शोधायचे, ताईला काहीतरी सांगायचं. तोंडाशी 'हो' आला होता.

निव्वळ सवयीने खिशातून कागद-पेन्सिल काढली. इंजिनावर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली की नंबर जसाच्या तसा उमटतो. उमटला. आर.सी.शी ताडून पाहिला. एका ठिकाणी पुस्तकात तीन, इंजिनावर आठ.

"कारकुनाची चूक हो!" मालक हसले. "तुम्हाला तर माहीतच."

मला खरंच माहीत होतं. मी स्वतः एकदा तिनाचा आठ करून एका पेन्शनर आजोबांचे पैसे भलत्याच खात्यात दोन दिवस ठेवले आहेत. आजोबांनी मला शिव्या दिल्या नाहीत, नुसतं "असू दे" म्हणाले. ते अजून बोचतं. म्हणून मी कारकुनाच्या बाजूने विचार करून कागद पुन्हा उजेडात धरला. बाकीचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे. आठ तेवढा जास्त खोल आणि किंचित कलता. त्याच्याभोवती कानस फिरल्याच्या बारीक रेघा पेन्सिलीने इमानाने टिपल्या होत्या. कारकुनाच्या हातात कानस नसते.

पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा आर.टी.ओ.चा माणूस हाच नंबर बघणार. आणि हे इंजिन मुळात कुणाच्या दारातून उठून आलं, ते पोलीस बघणार.

"नाही," मी म्हणालो. परतीच्या वाटेवर बंड्या स्वारगेटपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मीही नाही. दोघांच्याही कानांत तोच आवाज होता.

ताईने पुरणपोळ्या पाठवल्या. ठेव शाबूत राहिली.

परवा रात्री अकराला बंड्याचा फोन. "मामा, कोल्हापुरात एक आहे. ८४ची. ड्रम ब्रेक, तारांची चाकं, गंजलेली, बंद पडलेली. रंगसुद्धा उडालाय."

"नंबर?"

"तू बघशील ना?"

"ताईला काय सांगितलंस?"

"मामाला अंबाबाईला जायचंय म्हणून."

मी उठून दिवा लावला आणि पेन्सिलीला टोक काढायला बसलो.