उजवा हात, साठ टक्के

१२ जून २०२३, सोमवार

दिवसभर बिपरजॉय वादळाचा वारा. दुपारी पतपेढीत फोन आला, भाऊजींचा हात प्रेसमध्ये गेला. उजवा.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधून जो खणखणाट ऐकू येतो तो स्टीलच्या भांड्यांचा. पत्र्याचं सर्कल डायवर ठेवायचं, पायडल मारायचं, प्रेस उतरतो आणि सर्कलची वाटी होते. हात आत-बाहेर, पाय खाली-वर, पाळी संपेपर्यंत तेच. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय उतरतच नाही असाही प्रेस मिळतो. भाऊजींच्या गाळ्यात पायडल होतं, कारण पायडलवर माल जास्त निघतो.

बरोबरच्या पोरांनी बोटं बर्फाच्या पिशवीत टाकून आणली. डॉक्टर हळहळले. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, कोरड्या पिशवीत बंद करून मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. बर्फ थेट लागला की मांस मरतं. इथे बोटं चेंगरलेलीच होती, त्यामुळे फरक पडला नसता म्हणाले. तरी प्रत्येक गाळ्याच्या दारावर हे लिहून लावायला हरकत नव्हती.

१५ जून

काल मनगटापासून हात काढला. जाऊबाईंना झोपेची गोळी दिली आहे.

कागद बघायची मला नोकरीनेच सवय. केसपेपर मागून घेतला तर अपघाताच्या रकान्यात लिहिलेलं, ‘घरी काम करताना इजा’. हे कुणी सांगितलं? दाखल करताना गाळ्याचा सुपरवायझर सोबत होता. पेशंट बेशुद्ध, आम्ही वाटेत. म्हणजे आम्ही पोचायच्या आतच अपघात भाईंदरच्या गाळ्यातून उचलून आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला होता.

दवाखान्याने पहिली ओळ खोडली नाही, ते बरंच झालं. भाऊजी शुद्धीवर आल्यावर त्यांचं म्हणणं खाली वेगळं लिहून घेतलं, तारीख-वेळ घालून, सहीनिशी. पोलिसांना कळवलं. जबाब झाला. यंत्राबाबत निष्काळजीपणा म्हणून २८७ आणि गंभीर दुखापतीचं ३३८, अशी कलमं लागली.

२० जून

शेठ आले. सफरचंदं, मोसंबी, पन्नास हजारांचं पाकीट आणि स्टॅम्पपेपर. ‘खर्चाचं बघतोच आम्ही, घरचाच माणूस आहे. फक्त एवढी सही.’ कागदावर होतं की माणुसकी म्हणून मदत मिळाली, आता काही मागणं नाही. ह्यांनी पेन हातात घेतलंही होतं. मी म्हटलं, सही करणाऱ्याचा हात जागेवर नाही, तुम्ही कशी करता?

बाहेरच्या बाकावर आणखी एक गृहस्थ भेटले. ‘केस आम्ही चालवू, आधी एक पैसा नको, मिळेल त्यातले तीस टक्के.’ ह्या बाकावर त्यांची रोजची बैठक दिसते. वॉर्डबॉय त्यांना चहा आणून देत होता.

२९ जून, आषाढी

उपास कुणी केला, कुणी नाही. भाऊजी घरी आले. अंगठ्याला खाज सुटते म्हणतात, नसलेल्या अंगठ्याला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कमी होईल.

१७ जुलै

वकीलबाई भेटल्या. कामगार न्यायालयात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. हाताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, ‘पगार कसा मिळायचा?’

रोख. महिन्याला सोळा हजार. हजेरीपट नाही, पावती नाही, ओळखपत्र नाही. सात वर्षं.

‘मग तुम्ही तिथे कामाला होतात हे आधी सिद्ध करायचं. हाताचं नंतर बघू. हात गेलेला दिसतोच.’

फीबद्दल स्पष्ट बोलल्या. मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच बंद आहे, तेव्हा बाकावरचे तीस टक्केवाले विसरा. पैसे नसतील तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यातल्या बाराव्या कलमात औद्योगिक कामगार आहे आणि अपंग व्यक्तीही आहे, भाऊजी दोन्हीत बसतात. जाऊबाईंना प्राधिकरणाचा फुकट वकील म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या औषधासारखा वाटला. शेवटी ह्याच बाई, हप्त्याने फी, असं ठरलं.

शेठच्या कागदाचं विचारलं. सही केली असती तरी हक्क बुडाला नसता. कामगाराने भरपाई सोडून दिली असा करार कायदा मानतच नाही. तडजोड केलीच तर तिची भरपाई आयुक्तांकडे नोंद व्हावी लागते. नोंद नसेल तर मालकावर पूर्ण रक्कम राहते, आणि हातावर ठेवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त त्याला आयुक्तांच्या हुकुमाशिवाय वळते करून घेता येत नाहीत. इतका बारीक विचार करून ठेवलाय. हे गाळ्यागाळ्यांत ठाऊक असतं तर स्टॅम्पपेपर विकणाऱ्यांचा धंदा बसला असता.

३० जुलै

कायद्याचं पुस्तक घरी आणलंय. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ चा, १ जुलै १९२४ पासून लागू. तेव्हा गिरण्या होत्या. शेवटी एक कोष्टक आहे, ते वाचताना मला खाटीकखान्याची आठवण झाली, खोटं कशाला बोलू. अंगठा, ३० टक्के. तर्जनी अख्खी, १४. मधलं बोट, १२. अनामिका किंवा करंगळी, ७. हात, किंवा एका हाताचा अंगठा आणि चारही बोटं, किंवा कोपराच्या टोकापासून ११.४३ सेंटिमीटर खालून कापलेला, ६०. हे ११.४३ कुठून आलं? मूळ माप साडेचार इंच, इंच गेले आणि सेंटिमीटर आले एवढंच.

उजवा की डावा, हे कोष्टक विचारत नाही.

हिशेब मांडला. पगार कितीही असो, धरायचा जास्तीत जास्त १५,०००. जानेवारी २०२० पर्यंत ही मर्यादा ८,००० च होती. त्याचे साठ टक्के ९,०००. वय ३५ पूर्ण, त्याचा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. ही माणूस पूर्ण निकामी झाल्याची रक्कम. त्याचे कोष्टकाप्रमाणे साठ टक्के, १०,६४,१२४. पतपेढीत रोज व्याज काढते, पण ह्या हिशेबाला दोनदा कॅल्क्युलेटर लावला. शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड.

९ ऑगस्ट

घरात वाद. ह्यांचं म्हणणं, ईएसआय, म्हणजे कामगार विमाच बरा. कांदिवलीला त्यांचं रुग्णालय आहे, उपचार फुकट, आणि जन्मभर महिन्याला पैसे. हिशेब बघितला तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पगाराच्या ९० टक्के, त्यावर साठ टक्के अपंगत्व, म्हणजे सोळा हजारांवर ८,६४०. साडेदहा लाख बँकेत ठेवले तर सात टक्क्यांनी महिना सहा हजार दोनशेच्या आसपास, आणि ते बँकेत राहिले तर. ज्या घरात मुलीची दहावी आहे आणि भावकीत तीन लग्नं आहेत तिथे दहा लाख किती दिवस राहतात ते मी नोकरीत रोज बघते.

पण दोन्ही मिळत नाही. ईएसआय लागू असेल तर १९२३ च्या कायद्याखाली मागता येत नाही. आणि ईएसआय लागू व्हायला दहा माणसं लागतात. शेठचे शेजारी शेजारी दोन गाळे, दोन नावं, मधली भिंत पाडलेली. एकात सात कामगार, दुसऱ्यात आठ. मालकाने वर्गणी भरली नसली तरी महामंडळ कामगाराला देऊन ती मालकाकडून वसूल करू शकतं, पण दोन्ही गाळे एकच आहेत हे सांगायला साक्षीदार हवेत. अपघातानंतर निम्मी पोरं गावी गेली, उरलेली आम्हाला बघून रस्ता बदलतात. त्यांना दोष देत नाही. त्यांचे हात अजून त्याच प्रेसखाली जातात.

वकीलबाईंनी १९२३ च्या कायद्याचा, म्हणजे ठाण्याचा मार्ग धरला. तिथे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून बसतात. दावा दोन वर्षांच्या आत लागतो, आपण वेळेत आहोत.

११ ऑगस्ट

वकीलपत्रावर सही. भाऊजींनी डाव्या हाताने नाव लिहिलं, शाळेतल्या पोरासारखं. बँकेतली सही आता जुळणार नाही. आमच्याकडेही नियम आहे: नवा नमुना, साक्षीदार, फोटो. त्यांचा अर्ज मीच लिहिला आणि मीच मंजुरीला पाठवला.

२६ सप्टेंबर

ठाण्याच्या सिव्हिलमध्ये अपंगत्वाचा दाखला. रांगेत रेल्वेत पाय गेलेला एक मुलगा होता, नायगावचा. त्याचा मामला निराळा, रेल्वे दावा न्यायाधिकरण. तिकडे मुदत एक वर्षाची. पास सापडत नाही म्हणून त्याच्या वडिलांनी दावाच लावला नव्हता. मी त्यांना वकीलबाईंकडून ऐकलेलं सांगितलं: रीना देवीच्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं होत नाही, प्रतिज्ञापत्र करा, पुढचं रेल्वेने सिद्ध करायचं. ते कागद शोधू लागले लिहायला. त्यांच्याकडे तीन आठवडे उरले होते.

२४ ऑक्टोबर, दसरा

पुरावा घरातच होता. गेल्या दसऱ्याचा व्हिडिओ, पुतणीच्या मोबाइलमध्ये. प्रेसला झेंडूचा हार, शेठ नारळ फोडतायत, भाऊजी मशीनला कुंकू लावतायत. मागे गाळ्याची पाटी. शेठ ‘सात साल से मेरे पास है’ असं कुणाला तरी कौतुकाने सांगताना ऐकू येतं. भाऊजींनी व्हिडिओ एकदा पाहिला आणि उठून बाल्कनीत गेले.

लॉकडाऊनमध्ये काही पगार मोबाइलवरून आले होते तेही सापडले. पाठवणाऱ्याचं नाव शेठच्या बायकोचं. वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत

शेठचं लेखी म्हणणं आलं. तीन गोष्टी. हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा. असला तरी मशीनचा गार्ड त्यानेच मुद्दाम काढला. आणि डावा हात शाबूत आहे, वॉचमनची नोकरी करू शकतो. एकाच कागदावर तिन्ही. जो आमचा नाही त्याने गार्ड काढलेला मात्र आम्ही पाहिला.

ठेकेदाराचं उत्तर कायद्यातच आहे: आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी मालक सुटत नाही. गार्डचं अवघड. मुद्दाम गार्ड काढला हे सिद्ध झालं तर भरपाई बुडू शकते. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालत नाही.

म्हणजे साठ की शंभर हा प्रश्न नुसता पैशांचा नाही. शंभर ठरलं तर गार्डचा मुद्दाच गळतो.

इथे वकीलबाईंनी सुताराचा खटला काढला. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. १९६८ मध्ये काम करताना सुतार पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, कोष्टकाप्रमाणे द्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल डिसेंबर १९७५ चा: एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा ह्या माणसाची कमाईची शक्ती पूर्ण गेली, शंभर टक्के. रक्कम अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, हेही त्याच निकालात.

सुताराचा डावा गेला होता. भाऊजींचा तर उजवा. पण समोरचे वकील म्हणणार, प्रेस चालवणं हे सुतारकामासारखं कसब नाही, कुणीही शिकतो. भाऊजींना ते फार लागलं. हातापेक्षा ते लागलं असं दिसतं. रात्री बराच वेळ मला समजावत होते: पत्रा कोणत्या बाजूने घ्यायचा, आवाजावरून डाय सरकल्याचं कसं कळतं, वाटीच्या काठाला चुणी का पडते. मी म्हटलं, हेच साक्षीत सांगा, अगदी असंच.

११ मार्च २०२४, सोमवार

कायद्यात लिहिलंय की आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाली काढावं. हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा ठाण्याच्या व्हरांड्यात बसवायला हवं. आज साहेब रजेवर.

तिथेच समोरच्या वकिलांनी बाजूला घेतलं. चार लाख, आजच, विषय संपवा. नाहीतर अजून पाच वर्षं जातील. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी गेल्या महिन्यापासून पोळ्यांचं काम धरलंय, घरात पैसे नाहीत हे खरंच आहे. मी कुणावर रागावू शकले नाही.

भाऊजींनी विचारलं, ‘वहिनी, बारा टक्क्यांनी महिन्याचं किती?’

‘साठ टक्के धरले तर दहा हजार सहाशे एकेचाळीस.’

‘मग त्यांना म्हणावं, घ्या पाच वर्षं.’

वकीलबाईंनी सावध केलं. हे व्याज निकालानंतरच हातात पडणार, आणि शेठने तोवर गाळा विकला तर वसुली हा वेगळाच ताप. म्हणून गाळा कुणाच्या नावावर आहे ते आधी काढायचं. शिवाय तीन वर्षांचं पासबुक हवंय आणि पोलिसांच्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत. पुढची तारीख २२ एप्रिल. त्याच आठवड्यात पतपेढीचं ऑडिट आहे, रजेचा अर्ज उद्याच टाकायला हवा.