दऱ्या आणि दर्या

कर्जतहून खोपोलीकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती पळसदरीला. येथून रेल्वेच्या वाटा वेगळ्या होतात. एक पायथ्यापायथ्याने केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोलीला जाते. दुसरी बोरघाट चढून लोणावळा गाठते. घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात, खोपोलीच्या लोकलला त्यांची गरज नसते. गेली काही वर्षे अध्यापनाच्या निमित्ताने या मार्गावर माझे येणेजाणे आहे. परंतु सोपी वाट आणि आपल्याला हवी असलेली वाट यांतल्या अंतराचा विचार मात्र मला एका विद्यार्थिनीच्या संगणकीय खेळाने करायला लावला.

ही मुलगी आमच्याकडे तृतीय वर्षाला मराठी घेऊन शिकत होती. घर पळसदरीजवळच्या एका वाडीवर. तिची आजी तरुणपणी डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून कर्जतच्या बाजारात विकत असे. त्या पायवाटांचा खेळ करावा, असे तिच्या मनात आले. खेळणाऱ्याने मोळी घेऊन निघायचे, ओढा कोठून ओलांडायचा ते ठरवायचे आणि वाटेत जागोजागी आजीची वाक्ये वाचायची. साहित्याच्या प्राध्यापिकेला यात मौखिक परंपरेचे जतन वगैरे दिसणे स्वाभाविकच होते. मी उत्साहाने मान डोलावली.

हौशी मंडळींसाठी असे खेळ रचून देणारी सॉफ्टवेअरे आता पुष्कळ आहेत. तिने निवडले ते तयार साच्यांचे होते. झाडे, घरे, नदी, चालणारी माणसे असे सारे त्यात आयते मिळे. प्रोग्रॅमिंगची एक ओळही न लिहिता दोन संध्याकाळींत तिचा डोंगर उभा राहिला. तिसऱ्या संध्याकाळी तिने आजीचे पहिले वाक्य टंकले: ‘आम्ही दऱ्या उतरून यायचो.’ पडद्यावर त्या वाक्याची लक्तरे झाली. वेलांट्या आणि काने अक्षरांपासून सुटून एकेका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकले होते आणि ‘दऱ्या’तला ऱ्य पाय मोडलेल्या अवस्थेत य शेजारी उभा होता.

कारण समजून घेतले तेव्हा त्यात मला व्याकरणाचाच एक धडा दिसला. अशा खेळांत संवाद कोणी टंकत असल्यासारखा एकेक अक्षर करून उमटतो. त्यासाठी ते सॉफ्टवेअर वाक्याचे सुटे घटक करून एकेक घटक स्वतंत्रपणे रेखाटत होते. रोमन लिपीत हे खपून जाते, कारण तेथे साठवलेला घटक आणि दिसणारे अक्षर बहुधा एकच असते. देवनागरीचे तसे नाही. संगणकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसायला हवी व्यंजनाच्या आधी. जोडाक्षर साठवले जाते तुकड्यांत, पण दिसायला हवे अखंड. शेजारी कोण आहे हे कळल्याशिवाय आपले अक्षर आपला आकार घेतच नाही.

स्नेहसंमेलनातील प्रदर्शन आठवड्यावर आले होते. मी तिला म्हटले, “अगं, सध्या रोमन लिपीत लिही. मोबाईलवर सगळे तसेच तर लिहितात.” ती काही बोलली नाही. तिने तसे केले. प्रदर्शनात प्रथम वर्षाच्या दोन मुलांनी खेळ सुरू केला आणि त्यांतील एकाने मोठ्याने वाचले, “आम्ही दर्या उतरून यायचो.” रोमन अक्षरांत दऱ्या आणि दर्या एकच दिसतात. दुसऱ्याने विचारले, “हा कोळ्यांचा खेळ आहे का?” सगळे हसले. मीही हसले. मग ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, आजीने समुद्र कधी पाहिलाच नाहीये.”

त्याच वर्षी मी वर्गात लेखनाचे नियम शिकवताना दऱ्या-दर्या, सुऱ्या-सुर्या यांतील भेद फळ्यावर लिहून दाखवला होता. अर्थभेद करणारे ते चिन्ह ही आपल्या लिपीची श्रीमंती आहे, असेही म्हणाले होते. आणि पहिली अडचण आली तेव्हा ती श्रीमंती टाकून द्यायला सांगणारीही मीच होते.

लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ साली घडवणाऱ्यांपैकी एक, सीमोर पेपर्ट, यांनी चांगल्या साधनाची एक कसोटी सांगितली होती. तिचा आशय असा, की जमीन सखल असावी आणि छत उंच असावे. म्हणजे नवख्याला आत येता यावे आणि जाणत्याला वाढता यावे. पुढे २००७ साली स्क्रॅच जगापुढे आणणाऱ्या मिचेल रेझनिक यांनी त्यात रुंद भिंतींची भर घातली. प्रतिमा सुंदर आहे. पण या प्रसंगानंतर मला वाटू लागले, की सुलभता आणि हवे तसे बदलण्याची मुभा यांचा वाद आपण समजतो तसा नवखे विरुद्ध जाणते असा नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या नवख्याला त्या सॉफ्टवेअरचे छत कदाचित वर्षभराने लागले असते. या मुलीला ते पहिल्याच वाक्यात, उंबरठ्यावरच लागले. सोपे म्हणजे कोणीतरी आपल्या वतीने आधीच घेऊन ठेवलेले निर्णय. ते घेताना आपण त्याच्या डोळ्यांपुढे असलो, तरच ते आपल्याला सोपे.

मराठीला हा पेच नवा नाही. छापखान्यांच्या काळात देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागत, म्हणून लोकमान्य टिळकांनी ती संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४ ते १९३७) सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि ‘अ’चीच बाराखडी करून अि, अु असे लिहावे असा आग्रह धरला. यंत्राने लिपीकडे यावे की लिपीने यंत्राकडे जावे, हा प्रश्न तेव्हाही होता. फरक एवढाच, की त्यांनी लिपीत कोणता बदल करतो आहोत ते जाहीरपणे मांडले, त्यावर वाद झाले. मी मात्र एका वाक्यात, वेळ नाही म्हणून, लिपीच बदलून टाकली.

प्रदर्शनानंतर तिने दुसरी साधने धुंडाळली. क्रिस क्लिमस यांनी २००९ साली आणलेले ट्वाइन तिला आधी मिळाले. परिच्छेद लिहायचे, दुव्यांनी जोडायचे, झाला खेळ. तो वेब ब्राउझरमध्ये उघडतो, आणि ब्राउझर देवनागरी नीट जुळवतो. ‘दऱ्या’ अखंड उमटल्या! सोपेही आणि शुद्धही, आता हरकत कसली, असे मी विचारले. ती म्हणाली, “मॅडम, यात चालायचं कुठे? मोळी डोक्यावर असली की पाऊल हळू पडतं. ते वाचून नाही कळत.” तिचे म्हणणे खरे होते. तिच्या खेळाचा अर्थ त्या मंदावलेल्या पावलात होता, आणि तो तिला स्वतः घडवायला हवा होता.

मग ती गोडोकडे वळली. हे मुक्त आणि विनामूल्य साधन आहे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या ४.० आवृत्तीपासून देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणी त्यात अंगभूत आहे. परंतु येथे डोंगर आयता मिळत नाही, प्रत्येक गोष्ट स्वतः रचावी लागते. चार महिने ती शिकत राहिली. त्यांतला एक महिना तर नुसता अक्षरांचा रंग आणि ओढ्याच्या पाण्याची हालचाल यांत गेला. मोकळीक ही दुसरी दरी आहे, हेही मला तेव्हा दिसले. प्रबंधासाठी मी केलेली टिपणांची कार्डे, त्यांच्या रंगांची मी बसवलेली व्यवस्था आणि त्या पायी लांबलेला प्रबंध आठवला. साधन मनासारखे करण्यात काम केल्याचे समाधान मिळते, आणि काम तसेच राहते. या वेळी मी तिला लिपी बदलायला सांगितले नाही. सातऐवजी दोनच पायवाटा कर, पण पूर्ण कर, एवढेच म्हटले.

मागच्या उन्हाळ्यात तिने वाडीवर बोलावून खेळ दाखवला. दोन पायवाटा, एक ओढा. वजन वाढले की मुलगी खरोखरच हळू चालते. माझे डोळे अर्थातच ‘दऱ्या’वर होते, आणि तो शब्द निर्दोष होता. आजी शेजारी बसून पाहत होत्या. त्यांना वाचता येत नाही. अक्षरांशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. पडद्यावरची मुलगी उतरणीला लागली तशा त्या म्हणाल्या, “अगं, उतरताना मोळीला एक हात नको का धरायला? पडंल ना ती.”

नातीने वही ओढली आणि लिहून घेतले.