मागा, पण नाव घेऊन मागा

गावातला रस्ता पहिल्याच पावसात उखडलेला असतो, आजोबांची जमीन चुलत घराच्या सातबाऱ्यावर कशी गेली याचा उलगडा होत नसतो, जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद हवी असते. काम कोणतेही असो, आलेला माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो : “साहेब, आमची सगळी माहिती काढून द्या.” तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही अर्ज कसा लिहायचा हे विचारायला लोक घरी येतात. त्यांना मी आधी हेच सांगतो, की सरकारी दप्तरात ‘सगळी माहिती’ या नावाचा गठ्ठा नसतो. नोंदवह्या, नकाशे, संचिका असतात. प्रत्येकीला नाव असते आणि ती सांभाळणारे ठरावीक टेबल असते. नाव घेऊन मागितलेला कागद निघतो. ‘सगळी माहिती’ मागणारा अर्ज मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

जमिनीचेच घ्या. एका शेताचे कागद तीन कार्यालयांत विभागलेले असतात. हक्काची नोंद महसूल खात्याकडे, म्हणजे तलाठी आणि तहसीलकडे. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून तलाठीच आहे. मोजणीचे कागद भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे : टिपण, गटबुक, फाळणी, आकारफोड, एकत्रीकरणाचा नऊ-तीन नऊ-चारचा उतारा. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे. बांधाचा वाद घेऊन तलाठ्याकडे हेलपाटे घालणारे शेतकरी मी नोकरीभर पाहिले. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्द नसते. हद्द पाहायची तर टिपण आणि नकाशाच काढावा लागतो.

सातबारा एकदा नीट वाचून पाहा. गाव नमुना सात हक्काचा, गाव नमुना बारा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. खातेदाराच्या नावाशी एक आकडा जोडलेला असतो, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो बहुधा वर्तुळात असतो. हा फेरफार क्रमांक. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव कंसात घालतात, त्यामुळे जुने नाव वाचता येते. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागायची. तिच्यात नोंदीचा क्रमांक, हक्क कसा मिळाला त्याचा मजकूर, परिणाम झालेले गट क्रमांक आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा व सही असते. खरी हकीकत दुसऱ्या रकान्यात सापडते. वारसाने आली, खरेदीने आली, वाटणीने की हक्कसोडीने. वर्दी कोणी दिली, जबाब कोणाचे झाले, हे तिथेच कळते.

एक वयस्कर बाई अशीच वडिलांच्या वारस फेरफाराची नक्कल घेऊन आल्या होत्या. मी मजकूर मोठ्याने वाचला. मुलींची लग्ने झाली असून त्यांना हिस्सा नको, असे भावाच्या जबाबावरून लिहिले होते. बाईंचा स्वतःचा जबाब नव्हता, सही नव्हती, अंगठाही नव्हता. “म्हणजे मला कुणी विचारलंच नव्हतं?” एवढेच त्या म्हणाल्या. तोपर्यंत घरात जे बोलले जात होते त्याला आता क्रमांक आणि तारीख मिळाली. वकिलाकडे जायचे ते असा कागद हातात आल्यावर.

अशा नकलांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ नुसार नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले आहेत. साधा नकलेचा अर्ज आणि ठरलेली फी पुरते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. स्कॅन झालेले जुने फेरफार व उतारे ‘आपले अभिलेख’वर शोधता येतात. ‘आपली चावडी’वर प्रलंबित फेरफाराच्या नोटिसा दिसतात, आपल्या गटावर कोणती नोंद होऊ घातली आहे हे हरकतीची मुदत संपण्याआधी तिथे पाहून ठेवावे.

जुन्या दप्तराची किंमत २०२३ साली साऱ्या राज्याला कळली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि अभिलेख कक्षांतले गठ्ठे सुटू लागले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा म्हणजेच आपले कोतवाल बुक, शाळांची प्रवेश निर्गम रजिस्टरे. कुठे मोडी, कुठे उर्दू. हे कागद त्याआधीही कपाटांत होतेच. त्यांची नावे सामान्य माणसापर्यंत पोहोचली नव्हती.

आता ग्रामपंचायतीकडे वळू. २०११ च्या लेखा संहितेने पंचायतीला नमुना १ ते ३३ ठरवून दिले आहेत. नमुना ५ म्हणजे रोकडवही, ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, २२ स्थावर मालमत्तेची, २३ रस्त्यांची, ३३ झाडांची. रस्त्यात पैसे खाल्ले, असे अर्जात लिहून काही हाती लागत नाही. हे असे लिहा :

“सन २०२३-२४ मध्ये अमुक वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेचे आदेश, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, देयके आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. त्याआधी मूळ अभिलेख पाहण्याची परवानगी मिळावी.”

यातला कळीचा कागद मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम. बी. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि बिल त्यावरच निघते. ती पाने हातात घेऊन चार जणांनी टेप लावून रस्ता मोजावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फार थोडे लोक वापरतात.

केंद्राचा हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्याआधी अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. आपल्याकडे अर्ज ‘जोडपत्र अ’मध्ये, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि ती उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

‘असे का केले?’ हा प्रश्न मात्र अर्जात नको. कायदा दप्तरात असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली हे स्पष्ट केले आहे. कारण हवे असेल तर त्या निर्णयाची टिपणी, ठराव आणि पत्रव्यवहार मागा. दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती मागणारा अर्ज कलम ८(१)(ञ) वर अडतो, म्हणून व्यक्तीपेक्षा काम, निधी आणि निर्णय यांवर बोट ठेवा.

‘अभिलेख आढळून येत नाही’ या एका ओळीच्या उत्तरावर माघारी फिरू नका. राज्यात अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत : ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे, ‘ड’ १ वर्ष. तेव्हा पुढचा अर्ज असा करा : हा अभिलेख कोणत्या वर्गातला, आणि नष्ट केला असेल तर नाशनाच्या आदेशाची व यादीची प्रत द्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे बेकायदा अभिलेख नष्ट करणे हा ५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. हा उल्लेख असलेला अर्ज गेला की सहसा पुन्हा शोध सुरू होतो.

आणि अर्जाआधी सोमवार वापरा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक संस्थांतही, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख पाहण्याची सोय ठेवली आहे. पुणे महापालिकेने ही पद्धत त्याआधीच सुरू केली होती. जाऊन वही उघडून पाहिली की नेमके पान कळते आणि अर्ज दोन ओळींत संपतो. कार्यालयात कोणकोणते अभिलेख आहेत याची यादी कलम ४ खाली त्यांनी स्वतःहून जाहीर करायची असते. ती नसेल तर पहिला अर्ज त्या यादीसाठीच करा.

इतकी वर्षे दप्तर सांभाळल्यावर मला खात्रीने सांगता येते, की ज्या वहीला कोणी विचारत नाही तिला वाळवी आधी लागते. जी वही लोक येऊन मागतात ती बांधली जाते, तिच्यावर क्रमांक पडतो, ती वरच्या फडताळात जाते. नेमका कागद मागणारा नागरिक स्वतःचे काम करून घेतोच, शिवाय पुढच्या पिढीसाठी तो कागद जपण्याची गरज कार्यालयाला जाणवून देतो. म्हणून मिळालेल्या प्रती घरात ठेवू नका. ग्रामसभेत वाचा, वाचनालयात एक संच ठेवा आणि गावातल्या दोन तरुण मुलामुलींना या वह्यांची नावे शिकवा.