टिचबटणवाली

आप्पांची वरची कवळी एकसंध नाही. तिचे दोन भाग आहेत, डावा आणि उजवा. ते एकेक करून तोंडात जातात आणि टाळूच्या मध्यावर एकमेकांत बसतात. बसताना ‘टक्’ असा आवाज येतो, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा. काकू तिला टिचबटणवाली म्हणते, आणि ते चेष्टेने नाही. डाव्या भागाच्या कडेला धातूच्या दोन बारीक घुंड्या आहेत, उजव्या भागात त्यांच्यासाठी दोन खोबणी. पोलक्याच्या टिचबटणाची रचना हीच.

खालची कवळी एकाच तुकड्यात आहे. गरीब स्वभावाची. तिरकी धरून एक बाजू आत सरकवली की दुसरी मुकाट मागोमाग जाते. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. घरात वट आहे तो वरचीचा.

सकाळी ती आप्पांना सहजी वश होत नाही. आधी तसराळ्यात पाणी घ्यायचं आणि त्यावरच तिला धरून मऊ ब्रशने धुवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी पाण्यात पडेल, फरशीवर नाही. गरम पाणी वर्ज्य. त्याने तिचा आकार बिघडतो. मग डावा भाग आडवा धरून ओठाच्या कोपऱ्यातून आत. आप्पांचं तोंड अठरा मिलिमीटर उघडतं. धडधाकट माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी जातात, आप्पांच्या तोंडात एक जेमतेम जातं. त्या फटीतून अर्धी कवळी न्यायची, जिभेने वर दाबून धरायची, मग दुसरी अर्धी, आणि अंगठ्याने मधोमध दाब. टक्. पहिल्या खेपेला आवाज आला नाही तर आप्पा पुन्हा बसवत नाहीत, तसेच चहा प्यायला बसतात आणि ती चहात पडते.

हे सगळं सुपारीने केलं. आप्पा श्रीवर्धनचे. घराच्या मागे वाडी, वाडीत पोफळी, आणि श्रीवर्धनी रोठा म्हणजे सुपारीतली खानदानी चीज. बाहेरच्यांनी विकत घेऊन खायची, आपण ओटीवर बसून अडकित्त्याने कातरायची. जेवणानंतर एक खांड, चहानंतर एक, पत्ते खेळताना तर मोजदादच नाही. रात्री झोपताना गालात ठेवलेली खांड सकाळी तिथेच सापडायची. आप्पांना याचा अभिमान होता, कारण त्यात तंबाखू नव्हता. चुनासुद्धा नाही. गुटखा खाणाऱ्या पोरांना ते ओटीवरून शिव्या द्यायचे. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तेव्हा त्यांनी सरकारचं तोंडभरून कौतुक केलं. तोंडात अर्थात सुपारी होती.

तिखट झोंबायला लागलं तेव्हा घरात निदान झालं ते पित्ताचं. सब्जा झाला, आवळा झाला, मोरावळ्याची बरणी संपली. पुढे देवापुढची निरांजन फुंकरीने विझेना. मग शीळ गेली. आंब्याच्या दिवसांत एकदा रायवळ चोखायला घेतला तर तो तोंडात जाईना, तेव्हा कुठे घरात कोणाच्या तरी लक्षात आलं की यांचं तोंडच लहान झालंय.

गालाच्या आतल्या अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात, अस्तर पांढुरकं आणि ताठ होतं, बोट फिरवलं तर आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. सुपारीतला अरेकोलिन हा घटक तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेव आणतो आणि सुपारीतलं तांबं त्या तंतूंची वीण घट्ट करायला मदत करतं. शरीराला मग ती वीण उसवता येत नाही. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा प्रकार पाहून त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिलं होतं, आणि कारण सापडत नसल्याची कबुली त्या नावातच होती. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण नोंदवले. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीला, म्हणजे तंबाखूशिवायच्या सुपारीला, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. हे मी आप्पांना वाचून दाखवलं. “नुसत्या?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बचाव त्या एका शब्दात कोसळला होता.

दात गेले ते या आजाराच्या मागोमाग. तोंड उघडत नाही म्हणून ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही, दाढा किडतात. किडलेली दाढ वाचवायला रूट कॅनाल करावं तर डॉक्टरांचं मशीनही तिथे पोचत नाही. काढणं एवढाच इलाज उरतो, आणि तोही सोपा नाही. गालात इंजेक्शनं झाली, तोंड ताणायचे व्यायाम झाले. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची. काड्या फार वाढल्या नाहीत. जे आखडलं ते बहुतेक आखडलेलंच राहतं. पुढे आखडू नये म्हणून सुपारी सोडणं एवढंच आपल्या हातात. दोन-तीन दवाखान्यांनी आप्पांना कवळीपुरतं सरळ हात जोडले. माप घ्यायचा साचाच आत जात नाही, कवळी कशी करणार? इम्प्लांटचं विचारलं तर त्यालाही ड्रिल उभं धरायला जागा हवी.

टिचबटणवाली जन्मली ती मुंबईच्या एका डेंटल कॉलेजात, एम. डी. एस. करणाऱ्या एका मुलीच्या हातून. तिने मापाचा साचाच मधोमध कापला. आधी उजव्या जबड्याचं माप, मग डाव्याचं, आणि दोन्ही बाहेर आणून जोडले. त्यावर प्लास्टरचा जबडा ओतला, मेणात दात बसवून पाहिले, कुठे चावा बसतो, ओठ कसा दिसतो, सगळं तपासलं आणि शेवटी गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये पक्कं केलं. दातांच्या रंगाचा नमुना दाखवताना आप्पांनी सर्वांत पांढऱ्यावर बोट ठेवलं होतं. मुलीने ते बोट हलकेच उचलून दोन छटा पुढे, पिवळसरावर ठेवलं. “या वयात हेच खरे वाटतात.” आप्पा गप्प बसले. त्या मुलीच्या परीक्षेत केस म्हणून हीच कवळी मांडली गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतःच्या हाताने तिची बटणं लावली, उघडली, पुन्हा लावली. घरात पदवीधर असणाऱ्यांत आम्ही तिलाही धरतो.

तिचं कुळ तसं फार चांगलं नाही. तिच्या पूर्वजांत पाणघोड्याचे सुळे आहेत, आणि 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईत मेलेल्या सैनिकांचे उपटून आणलेले दातही. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती म्हणतात ते खोटं. हस्तिदंत, माणसांचे दात आणि धातू यांची ती होती, आणि वरखालचे दोन भाग स्प्रिंगांनी जोडलेले असत. तोंड मिटून ठेवायलाच त्यांना जोर लावावा लागे. पुढे एकोणिसाव्या शतकात रबर आलं, 1930 च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक. कवळी तोंडात टिकवायची कशी हे भांडण तेव्हापासूनचं आहे.

वरची कवळी टिकते ती चिकटण्यावर. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, तोच तिला धरून ठेवतो; हवा आत शिरली की सुटलीच. टिचबटणवालीच्या मधोमध तर जन्मतःच सांधा आहे, हवा तिथूनच शिरते. म्हणून ती मनाने थोडी अस्थिर आहे. आप्पा जोरात हसले की ती हलते, शिंकले की डावा भाग स्वतंत्र होतो. एका मुंजीत ‘सावधान’ म्हणताना तो अक्षतांसारखा बाहेर पडायच्या बेतात होता, आप्पांनी उपरण्यात झेलला. धाकट्या नातवाला अजून वाटतं की ते मुद्दाम केलेलं.

खाण्याच्या बाबतीत ती काटेकोर आहे. घावन चालतं, आंबोळी चालते, सांदण तर फारच. मऊभात-मेतकुटावर तिचा जीव आहे. भाकरी दुधात कुस्करून. तीळ तिला खपत नाहीत, पेरूच्या बियाही नाहीत; एखादी बी सांध्यात शिरली तर ताटावरून उठून मोरीवर जावं लागतं. पाहुण्यांसमोर ती दोन्ही हातांनी, पदर आडवा धरल्यासारखी उपरण्याआड काढली जाते. आप्पांच्या तोंडातलं अस्तर पातळ आणि ताठ, त्यामुळे तिची कड कुठे जरा टोचली तरी लगेच छाला. तेवढ्यासाठी श्रीवर्धनहून एस.टी.ने मुंबई गाठायची, डॉक्टरांनी दुखरी जागा पाहून कवळीची कड तसूभर घासायची आणि परत. रात्री ती पाण्यात झोपते. दोन भाग दोन वाट्यांत ठेवतात आप्पा. एकत्र ठेवले तर आपटून घुंड्या झिजतील हे कारण मुलीने सांगितलं होतं, आप्पा सांगतात, “भांडतात.”

पण तिचा खरा गुण चुगलखोरी. सुपारी सोडली, असं आप्पांनी काकूच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, वाडीतली अर्ध्याहून जास्त पोफळ एका दुपारी आडवी झाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, चला, आता दाणाच नाही. नव्या पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात. वादळानंतरच्या तपासणीत मुलीने कवळी हातात घेतली, उजेडात धरली.

“आप्पा, सुपारी?”

“बंद.”

“मग ही रेघ कसली?”

“चहाची असेल.”

तिने टोकदार चिमट्याने उजव्या खोबणीतून कण काढला आणि पांढऱ्या कापसावर ठेवला. काकूने तो पाहिला. सुपारीचं बी ओळखायला त्या बाईला डॉक्टर लागत नाही. पडलेल्या झाडांची असोली सुपारी कोणी पोत्यात भरून माळ्यावर ठेवली होती, हे त्याच संध्याकाळी उघड झालं. काकूने पोतं विकलं. इतकी वर्षं ती बोलून थकली होती, डॉक्टर बोलून थकले होते. कवळी एक शब्द बोलली नाही. आपल्याकडे व्यसन सोडवायला शपथा, बुवा, गंडे सगळं चालतं, मला मात्र एका बटणाच्या खोबणीवर जास्त विश्वास बसला आहे.

मग तिच्यावरच आळ आला. डाव्या गालात, तिच्या कडेला लागून, एक पांढरट चट्टा आणि मधे जखम. सगळ्यांनी तिलाच दोषी धरलं, हिचीच कड घासली असणार. डॉक्टरांनी कड उतरवली आणि तिला पंधरा दिवस तोंडाबाहेर ठेवायला सांगितलं. कवळीने झालेली जखम असेल तर एवढ्यात भरते, नाही भरली तर तुकडा काढून तपासायचा. ते पंधरा दिवस ती वाटीत पाणी बदलून घेत बसली आणि आप्पा पेज पीत बसले. जखम भरली नाही. म्हणजे ती निर्दोष होती, आणि निर्दोष निघावी असं घरात कोणालाही वाटत नव्हतं.

केरळात एर्नाकुलमला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी हाच आजार असलेले 66 जण 17 वर्षं पाहिले होते. पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. हा आकडा मला माहीत होता, काकूला नव्हता, आणि अहवाल येईपर्यंत मी तो गिळून बसलो. अहवाल आला. कॅन्सर नाही. पेशी थोड्या बदलल्या आहेत, तेवढा भाग काढून टाकला आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, चुकवायचं नाही.

आता दर तीन महिन्यांनी दोघं मुंबईला जातात. खुर्चीत बसल्यावर आधी तिची तपासणी, मग आप्पांची. गेल्या खेपेला डाव्या घुंड्या झिजलेल्या आढळल्या, टक् आवाज मऊ पडला होता. जिने तिला घडवलं ती मुलगी शिकून कधीच बाहेर पडली, तिच्या जागी आलेला तरुण कवळी उलटसुलट करून पाहत म्हणाला, तोंडही थोडं बदललंय, नवीनच करू, आणि आता बटणांऐवजी आत बारीक लोहचुंबक बसवू, आपोआप चिकटेल.

आप्पांनी शंका काढली. या आजारात रक्त कमी पडतं म्हणून त्यांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

“त्यांची आणि चुंबकाची आतल्या आत काही गाठ पडणार नाही ना?”