आधी डबा उघडा, मग कार्ड घ्या

भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. ऱ्हाईन नदी, आल्प्समधल्या खिंडी, रूरचा औद्योगिक पट्टा हे सगळं मी फळ्यावर काढलं, पण त्यातलं एकही ठिकाण प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. निवृत्तीनंतर भाच्याने ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा गेम दाखवला आणि मी हरखून गेले. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने तो २०१२ साली काढला. ड्युइसबुर्गला माल भरायचा, हमरस्त्याला लागायचं आणि मिलानला उतरवायचा. नकाशाचं प्रमाण साधारण १:१९. मला तेवढं पुष्कळ होतं.

आमच्या कॉम्प्युटरला मात्र ते झेपेना. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी २०१५ मध्ये घेतलेला हा डबा. वळण आलं की ट्रक आधी थबकायचा आणि मग एकदम पुढे उडी मारायचा. भाच्याने फोनवरच निदान केलं, “मावशी, तुझ्याकडे ग्राफिक्स कार्डच नाहीये गं. प्रोसेसरच्या आतलं इंटेल एचडी ४६०० आहे, त्याच्यावर चाललंय सगळं. ते रॅमही तुझ्या कॉम्प्युटरचीच वापरतं.” म्हटलं, मग आणू एक कार्ड.

डोंबिवलीहून निघाले, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे पकडली आणि ग्रँट रोडला उतरले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं पाटीवरचं नाव. सगळे म्हणतात लॅमिंग्टन रोड. पहिल्याच दुकानात प्रश्नांची फैर झडली. “आंटी, बेटे के लिए? बोर्ड कौनसा है? एसएमपीएस कितने वॉट का? कॅबिनेट में जगह है? मॉनिटर में एचडीएमआय है?” गेम माझ्यासाठी आहे हे ऐकून त्या पोराने मान वर करून पाहिलं, पण त्याच्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. काचेमागे खोकी रचलेली. जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५०, आरटीएक्स ३०५०, आरएक्स ६४००. आकडा मोठा तो माल चांगला, एवढाच काय तो माझा अंदाज.

तो अंदाज भाच्याने रात्री मोडीत काढला. एनव्हिडियाच्या नावातले पहिले दोन आकडे म्हणजे इयत्ता आणि शेवटचे दोन म्हणजे तुकडी, असं मी ते मनाशी बसवलं. १६५० म्हणजे सोळावी इयत्ता, पन्नासची तुकडी. त्यामुळे २०१६ चं सहा जीबीवालं १०६० हे २०१९ च्या १६५० पेक्षा वेगवान निघतं, कारण इयत्ता जुनी असली तरी तुकडी वरची. एएमडीची आरएक्स मालिका ही वेगळी शाळा. तिथले आकडे इथे लावायचे नाहीत.

मग डबा उघडला. प्लग काढला, मागचे दोन स्क्रू सोडवले, बाजूचा पत्रा सरकवला. दहा वर्षांची धूळ पंख्यावर नमद्यासारखी बसली होती. ब्रशने ती काढली आणि वरच्या कोपऱ्यातल्या एसएमपीएसवर, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणाऱ्या पेटीवर, टॉर्च मारला. पेटीवर ठळक ‘४५०’ लिहिलेलं. भाचा म्हणाला, “ते सोड. खालच्या बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते सांग.” चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, सोळा. बारा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः या बारा व्होल्टच्या रांगेवर जगतात. बाकीचे वॉट निरनिराळ्या रांगांची बेरीज करून ४५० पर्यंत नेलेले. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या पेटीवरचा मोठा आकडा जाहिरातीचा असतो, हिशेब त्या बारीक तक्त्यात असतो.

आमचा प्रोसेसर आय-फाइव्ह ४४६०, त्याचं रेटिंग ८४ वॉट. बोर्डावरच्या लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५०. आमच्या पेटीतून अशी एकही वायर निघत नव्हती. म्हणजे ज्याचं सगळं ७५ वॉटमध्ये भागतं असंच कार्ड हवं. शिवाय दहा वर्षांच्या स्वस्त पेटीवर नव्या कार्डाचा भार टाकायचा नाही, ती आधी बदलायची, असंही ठरलं.

खरी गंमत पुढे होती. खोक्यांवर लिहिलेल्या माहितीप्रमाणे आरएक्स ६४०० ला वीज कमी लागते, ५३ वॉट. ते नवंही आहे, २०२२ चं. मला तेच घ्यावंसं वाटत होतं. भाच्याने बोर्डाचं नाव विचारलं. खाचेजवळ एच८१ छापलेलं होतं. “मग ते नको,” तो म्हणाला आणि त्याने पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे त्या लांब खाचेचा, हिशेब सांगितला.

कार्ड आणि बोर्ड यांच्यात माहितीची ये-जा ‘लेन’मधून होते. एच८१ बोर्डावर ही खाच दुसऱ्या पिढीची, म्हणजे एका लेनमधून सेकंदाला साधारण ५०० एमबी. आरएक्स ६४०० चारच लेन वापरतं. नव्या बोर्डावर लेन वेगवान असल्याने ते खपून जातं, आमच्याकडे मात्र सेकंदाला दोन जीबीवर अडकलं असतं. सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० आठ लेन वापरतं, म्हणजे चार जीबी. जीटीएक्स १६५० जुनं असलं तरी पूर्ण सोळा लेन वापरतं, म्हणजे आठ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की हा फरक जाणवू लागतो, कारण मग सगळं वारंवार बोर्डावरून आणावं लागतं. १०५० टीआयही सोळा लेनचं आणि ७५ वॉटचं, पण त्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने आता थांबवलं आहे. राहिलं १६५०.

सेकंडहँड कार्ड स्वस्तात मिळतं, पण ते मी घेतलं नाही. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये कार्डांवरून उठलं, तेव्हा महिनोन् महिने अहोरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. त्याशिवाय जुन्या चिपवर नव्या नावाचं सॉफ्टवेअर चढवून विकलेली बनावट कार्डंही फिरतात. ‘जीपीयू-झेड’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम बरीचशी अशी कार्डं ओळखतो. सेकंडहँड घ्यायचंच असेल तर दुकानातच तो चालवून बघावा.

दुसऱ्या खेपेला कागद घेऊन गेले. बोर्ड एच८१, वेगळी वायर नको, कॅबिनेटमध्ये मोकळी जागा चोवीस सेंटिमीटर, मॉनिटरला फक्त व्हीजीए. या वेळी दुकानदाराने एकही प्रश्न न विचारता एका पंख्याचं १६५० काढून ठेवलं. मॉनिटरची अडचण मात्र उरलीच. निळ्या तोंडाची व्हीजीए वायर लावायला या कार्डावर जागाच नसते, आणि डीव्हीआयची खाच असली तरी तिच्यातून जुना अॅनालॉग सिग्नल येत नाही. त्यासाठी एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, आत चिप असलेला छोटा कन्व्हर्टर घेतला. सोबत कार्यक्षमतेचं ‘८० प्लस ब्राँझ’ मानांकन असलेला एसएमपीएस आणि डीडीआर३ ची जादा रॅम. बिल हातात घेतलं तेव्हा कळलं की कार्डाभोवतीच्या या किरकोळ वस्तूंचा आकडाही किरकोळ नसतो. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, तो वेगळाच.

बसवणं त्या मानाने सोपं गेलं. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. मागच्या दोन पट्ट्या काढल्या, कार्ड खाचेवर सरळ धरलं आणि दोन्ही टोकांना सारखा दाब दिला. टक् असा आवाज आला आणि खाचेच्या टोकाची खिट्टी आपोआप वर आली. मॉनिटरची वायर बोर्डाच्या जुन्या जागी न लावता कार्डावर लावायची, हे भाच्याने तीनदा बजावलं होतं. जुन्या जागी लावली तर पडद्यावर काहीच येत नाही, नाहीतर पैसे नव्या कार्डाचे आणि चित्र जुन्याच ग्राफिक्सचं. शेवटी एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

ट्रक आता न अडखळता धावतो. पावसात काचेवरचे थेंब वायपरने पुसले जातात तेही दिसतं. आमचा मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा. एवढे ठिपके रंगवणं या कार्डाला जड नाही. पण गर्दीच्या शहरात शिरलं की वेग अजून थोडा पडतो, कारण तिथे कमी पडतो तो प्रोसेसर. त्याला याहून महागड्या कार्डाचा काही उपयोग झाला नसता. विंडोज ११ ला आमचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या डब्यावर याहून जास्त खर्च करणार नाही. नव्याने निघालेले भारी गेम खेळायचे असतील तर जुन्या कॉम्प्युटरला ठिगळं लावण्यापेक्षा पैसे साठवून नवा घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण माझ्यासारखा एखादा जुना, आवडता गेम नीट चालावा एवढंच हवं असेल, तर बाजारात जाण्याआधी डबा उघडा. एसएमपीएसच्या तक्त्यातले बारा व्होल्टचे अँपिअर, वेगळी पॉवर वायर आहे की नाही, बोर्डाचं नाव, मोकळ्या जागेची लांबी आणि मॉनिटरमागची खाच, या पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या. कार्ड सगळ्यात शेवटी निवडा.