जन्मवेळेचा कल

आमच्या घरात ग्रह-नक्षत्रांचे नाव निघते ते दोनच वेळी, पेरणीला आणि लग्नाला. सातारा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात रोहिणीचा पाऊस पडला की आबा समाधानाने आभाळाकडे पाहतात. गेल्या दिवाळीत मला स्थळ सांगून आले, तेव्हा आजीने माझी पत्रिका काढली. मुलीला मंगळ निघाला. स्थळ परत गेले. आजी म्हणाली, "जन्माला येताना जे बसलं ते बसलं. ते काय आता हलतंय व्हय!"

कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. सांगलीला आत्याकडे राहून शिकते, विषय भूगोल. आजीचे ते वाक्य मनात घर करून राहिले. पुढे ग्रंथालयात वाचताना कळले की शास्त्रज्ञही जवळजवळ हाच प्रश्न विचारतात, पण तो खुद्द ग्रहांविषयी! दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह जन्मतःच सरळ असतो, की तिरका?

तारा आणि त्याचे ग्रह वायू-धुळीच्या एकाच फिरत्या तबकडीतून जन्मतात. तेव्हा ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे आणि ग्रहाची कक्षा यांचा मेळ असावा. आपल्या सूर्याचे विषुववृत्त पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ७ अंशांनीच कललेले आहे. पण २००९ साली एचएटी-पी-७ या ताऱ्याचा ग्रह चक्क उलट दिशेने फिरताना आढळला. तो जन्मतः तसा, की पुढे कुणाच्या ओढीने कलंडला? वय झालेल्या ग्रहावरून हे कळत नाही. म्हणून तरुण ग्रह शोधायचे.

मोजायचे कसे? भोंगा वाजवीत येणाऱ्या एस.टी.चा आवाज जवळ येताना चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचेही तसेच. फिरत्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, तिचा प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो. दूर जाणाऱ्या बाजूचा तांबड्याकडे. ताऱ्यासमोरून सरकणारा ग्रह कोणती बाजू आधी आणि किती वेळ झाकतो, यावरून आकाशावर दिसणारा कल काढता येतो. १९२४ साली रॉसिटर आणि मॅक्लॉफ्लिन यांनी जोडताऱ्यांत हा परिणाम दाखवला; २००० साली तो परग्रहाच्या बाबतीत प्रथम मोजला गेला. तरुण तारे वेगाने फिरतात म्हणून खूण ठळक उमटते. मात्र त्यांच्यावरचे डाग मोजणीत घोळ घालतात.

एयू मायक्रोस्कोपी हा तारा ३२ प्रकाशवर्षांवर, वय अवघे दोन कोटी वर्षांच्या आसपास. २०२० साली त्याच्या ग्रहाची कक्षा मोजली, ती सरळ निघाली. त्याच वर्षी के२-२५ ताऱ्याचा ग्रहही सरळच निघाला. हा तारा आहे कुठे? आपल्या रोहिणी शकटाच्या तारकागुच्छात! आबा ज्या रोहिणीची वाट पाहतात, तिच्या परिसरात. ज्या यंत्राने हे मोजले, त्या यंत्राच्या गटाचे प्रमुख सुव्रत महादेवन हे पवईच्या आय.आय.टी.त शिकलेले. हे वाचून का कोण जाणे, मला फार बरे वाटले.

अशी मोजणी झालेले तरुण ग्रह अजून थोडेच आहेत. तेवढ्यावरून सगळ्यांचा निकाल कुणी लावीत नाही. ग्रहाविषयी बोलायचे, तर आधी तो मोजायचा. मग मुलीविषयी बोलताना तिला न विचारताच निकाल का लागावा? मंगळाच्या कक्षेत माझ्या संसाराचे काही लिहिलेले नाही, एवढे भूगोलाने मला शिकवले आहे.

संक्रांतीला गावी गेले, तेव्हा हे सारे आबांना सांगितले. आजी चुलीपाशी बसून ऐकत होती. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बी.ए. पुरं होऊ दे. तवर पत्रिका पेटीतच राहू दे."

आजीने नाक मुरडले, पण पेटीची किल्ली कनवटीला खोचून टाकली. दोन वर्षे तरी मला मिळाली आहेत. ती मी नीट मोजून वापरणार आहे.